डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाला अंगावर पाजताना: पहिल्या तासापासून पहिल्या घासापर्यंत

नागपूरचं मेयो असो, मेडिकल असो, डागा रुग्णालय असो की धरमपेठेतलं एखादं खासगी प्रसूतिगृह, प्रसंग साधारण सारखाच असतो. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ बाळाचे डोळे, तळहातावरची आडवी रेघ, मानेमागची सैल कातडी पाहतात आणि 'कॅरिओटाइपला रक्त पाठवू' म्हणतात, म्हणजे डाऊन सिंड्रोम आहे का ते पाहणारी गुणसूत्रांची तपासणी. संध्याकाळपर्यंत भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी सांगून मोकळं होतं, अशी मुलं अंगावर पीत नाहीत, डब्याचं दूध सुरू करा. हे खरं नाही. यातली पुष्कळ बाळं अंगावर पितात. काही पहिल्याच दिवशी धरतात, काहींना सहा-आठ आठवडे लागतात, काही शेवटपर्यंत थोडं अंगावर आणि थोडं वाटीने घेतात. हा तिसरा प्रकारही नीट चाललेलाच समजायचा.

कॅरिओटाइपचा रिपोर्ट यायला बरेच दिवस लागतात. पाजायचं काम त्यासाठी थांबवू नका. रिपोर्ट काहीही आला तरी पुढे सांगितलेलं काहीच वाया जात नाही.

दूध आधी, ओढणं नंतर

स्तनात दूध मागणीप्रमाणे बनतं. जेवढं रिकामं होईल तेवढं पुन्हा भरतं, साठून राहिलं की शरीर बनवणं कमी करतं. साधारण बाळ भुकेलं की रडून घर डोक्यावर घेतं, त्यामुळे ही मागणी आपोआप नोंदवली जाते. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ पहिले काही आठवडे झोपाळू असतं. भूक लागली तरी रडत नाही, रडलं तरी क्षीण. घरचे म्हणतात, 'किती शांत बाळ आहे.' या शांतपणातच दूध आटतं. दीड-दोन महिन्यांनी बाळाच्या अंगात ताकद येते, ते धरायला शिकतं, आणि तेव्हा आईकडे दूध उरलेलं नसतं.

म्हणून कामाचा क्रम ठरवून घ्या. पहिलं काम, आईचं दूध दर अडीच-तीन तासांनी बाहेर निघालं पाहिजे, बाळाने ओढो वा न ओढो. दुसरं, ते दूध बाळाच्या पोटात गेलं पाहिजे, मार्ग कोणताही असो. तिसरं काम, बाळाला ओढायला शिकवणं. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. तासभर बाळाला छातीशी लावून ठेवतात, दोघंही थकतात, मग दूध काढायला आईत त्राण उरत नाही. चार दिवस असं चाललं की 'दूधच नाही' हे वाक्य खरं ठरतं.

'धक्क्याने दूध आटलं' असंही आपल्याकडे सर्रास म्हणतात. बातमी कळल्यावर आईला रडू येणार, ती गप्प होणार. अशा वेळी पान्हा फुटायला वेळ लागतो, कारण तो आणणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ताणात कमी सुटतं. पण दूध बनणं त्याने बंद होत नाही. दूध बंद होतं ते काढलं नाही म्हणून. बाळ उघड्या छातीवर ठेवून, पाठीवर गरम फडका फिरवून पाच मिनिटं थांबलं की बहुधा पान्हा येतो.

बाळाला अडतं कुठे

मुख्य कारण स्नायूंचा सैलपणा. ओठ स्तनाभोवती घट्ट मिटत नाहीत, म्हणून तोंडात ओढ तयार होत नाही आणि ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतं. गाल मऊ असल्यामुळे आत खेचले जातात. जबडा खालीवर होताना डगमगतो. जीभ मोठी आहे असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा जीभ नेहमीएवढीच असते. वरचा जबडा लहान, टाळा अरुंद आणि उंच, त्यात जिभेचे स्नायू ढिले, म्हणून ती बाहेर डोकावते. ओढताना 'टक्-टक्' आवाज येत असेल तर दर वेळी जिभेची पकड सुटते आहे असं समजा.

दुसरी अडचण तालाची. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसायला या बाळांना उशीर लागतो. चार-पाच घोट, मग थांबा, मग झोप. नाकाचा मार्ग अरुंद असल्याने थोडा शेंबूडही पुरे होतो. पाजण्याआधी पाच मिनिटं सलाइनचे थेंब नाकात टाकले तर फरक पडतो.

तिसरी अडचण हृदयाची, आणि ती बाहेरून दिसत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. छातीला स्टेथोस्कोप लावून काही ऐकू आलं नाही तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचाच. हृदय दमलेलं असेल तर बाळाला दूध ओढणं म्हणजे जिना चढण्यासारखं असतं. मग कितीही कसब वापरा, ते पाच मिनिटांत थांबणार.

पाजण्याशी थेट संबंध असलेल्या आणखी दोन तपासण्या. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), कारण थायरॉइड कमी असलं की बाळ जास्त सुस्त होतं, कावीळ लांबते, शी अडते. जन्मानंतर एकदा झाली की संपत नाही, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करायची. दुसरी म्हणजे पोट. हिरवी उलटी झाली, पोट फुगलं किंवा पहिल्या चोवीस तासांत काळी शी झाली नाही, तर पाजणं थांबवून लगेच डॉक्टर. या बाळांमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असणं किंवा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसणं इतरांपेक्षा जास्त आढळतं. दोन्हींवर शस्त्रक्रिया होते, पण वेळेत कळलं पाहिजे.

पहिले तीन दिवस: हाताने चीक काढणं

बाळ ठीक असेल तर पहिल्या तासात उघड्या छातीवर ठेवा आणि तिथेच शोधू द्या. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर आईने पहिल्या तासा-दोन तासांत हाताने चीक काढायला सुरुवात करावी. पंप या दिवसांत फारसा उपयोगी नाही. चीक घट्ट आणि थोडका, निम्मा पंपाच्या नळीलाच चिकटतो.

हात साबणाने धुवा. गरम फडका दोन मिनिटं ठेवा, मग बोटांनी स्तन वरून खाली हलका चोळा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडशीच्या बुडापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. दाबा, सोडा. बोटं कातडीवर घसरवू नका, आणि बोंडशीच पिळू नका. दुखतं आणि दूधही येत नाही. पहिली दोन मिनिटं काहीच आलं नाही तरी चालू ठेवा. धार मंदावली की बोटं गोल फिरवून दुसऱ्या जागी, मग दुसरा स्तन, पुन्हा पहिला. एकूण वीस ते तीस मिनिटं.

पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरही निघाला नाही तरी तो कमी नाही. चमच्यात धरून थेट बाळाच्या गालाच्या आत सोडा, किंवा सिरिंजमध्ये ओढून वॉर्डात द्या. बाळ तोंडाने घेत नसेल तर नर्सला सांगून कापसाच्या बोळ्याने ओठांच्या आत लावायला लावा.

चोवीस तासांत किमान आठ वेळा काढायचं, त्यातलं एक रात्री एक ते पाचच्या दरम्यान, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून आलं की पंप वापरायला हरकत नाही. दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा पंप पंधरा मिनिटांत काम करतो, भाड्याने मिळाला तर बघा. दोन आठवडे पूर्ण होतील तेव्हा दिवसभराचं दूध ५०० मिलीच्या पुढे असेल तर पाया पक्का झाला. ३५० मिलीच्या खाली अडकलं असेल तर आधी वेळा मोजा. आठच्या जागी पाचच होत असतात, असं बहुतेकदा निघतं.

काढलेलं दूध चार तास बाहेर टिकतं असं वाचायला मिळतं. तो नियम पंचवीस अंशांच्या खोलीचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही खोली त्याच्या बरीच वर असते. उन्हाळ्यात तासाभरात पाजा, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दारात नको, आतल्या बाजूला. आजारी बाळासाठीचं फ्रिजमधलं दूध चोवीस तासांत संपवावं. गरम करायचं ते वाटी कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही. रुग्णालयात न्यायचं असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेला छोटा थर्मास डबा घ्या. नुसत्या पिशवीतून नेलेलं दूध सीताबर्डीच्या सिग्नलवरच खराब होऊ शकतं.

पाजायला बसताना

घड्याळ लावा. दर दोन ते अडीच तासांनी, रात्री फार तर तीन, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. बाळ मागेल तेव्हा पाजा हा सल्ला इतर बाळांसाठी उत्तम आहे, या बाळासाठी पहिले दोन-तीन महिने नाही.

जागं कसं करायचं? दुपटं सोडा, झबलं काढा, लंगोट बदला, उघड्या छातीवर घ्या. तळपाय चोळा, ओला फडका पायांना लावा. गालावर टिचक्या मारून उपयोग होत नाही, बाळ तोंड फिरवतं एवढंच. पापण्या फडफडायला लागल्या, हात तोंडाकडे गेला की तीच वेळ. रडेपर्यंत थांबलात तर त्याची ताकद रडण्यातच जाते.

भिंतीला लोड लावून सरळ बसा. मांडीवर उशी. बाळाचं डोकं, मान आणि पाठ एका रेषेत, डोकं पोटापेक्षा उंच. आडवं झोपवून पाजू नका, दूध घशात साचतं आणि कानाकडेही जातं, आणि या मुलांचे कान पुढे आधीच फार सतावतात. बाळाला काखेत धरून, पाय मागे सोडून पाजण्याची पद्धत सुरुवातीला सगळ्यात सोपी, कारण एका हातात डोकं आणि पाठ दोन्ही येतात आणि तोंड समोर दिसतं. बाळाची हनुवटी त्याच्या स्वतःच्या छातीला टेकलेली नसावी, तसं झालं तर गिळताच येत नाही. अंग फार ढिलं असेल तर दुपट्याची वळी करून पाठीमागे ठेवा.

आता हाताची खास पकड. तिला 'डान्सर पकड' म्हणतात. नाचाशी संबंध नाही, ती शोधणाऱ्या डॅनर आणि सेरुटी या दोघांच्या आडनावांची सुरुवात जोडून हे नाव पडलं.

१. पान्हा फुटेपर्यंत हाताने थोडं दूध काढा. पहिल्याच ओढीला तोंडात दूध आलं तर बाळ पुढे ओढतं, मेहनत करून काहीच आलं नाही तर सोडून देतं.

२. स्तनाखाली मधलं बोट, अनामिका आणि करंगळी. त्यावर स्तनाचा भार. अंगठा आणि तर्जनी पुढे मोकळी, इंग्रजी 'यू'सारखी.

३. बाळाच्या खालच्या ओठाला दूध लावा. तोंड मोठं उघडून जीभ खाली येईपर्यंत थांबा. जीभ टाळ्याला चिकटलेली असेल तर स्वच्छ बोटाने तिच्या पुढच्या भागावर अलगद खाली दाबून सोडा. जीभ वर असताना बोंडशी तिच्याखाली गेली की बाळ चावल्यासारखं करतं आणि जखम होते.

४. बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नको. आधी हनुवटी टेकू द्या, मग वरचा ओठ.

५. हनुवटी तुमच्या अंगठा-तर्जनीच्या खोबणीत बसली की दोन्ही गालांना हलका आधार द्या. गाल आत आले की तोंडातली पोकळी कमी होते आणि थोड्या ताकदीतही ओढ तयार होते. जबडाही डगमगत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती दाबण्यात. गाल चिमटले तर तोंड उघडणार नाही. पिकलं संत्रं साल न फुटता धरतो, तेवढाच दाब. बाळ घट्ट धरू लागलं की गालांचा आधार काढा आणि हनुवटीखाली फक्त तर्जनी ठेवा. काही आठवड्यांनी तीही.

ओढणं चालू असताना गिळण्याकडे लक्ष द्या. दर एक-दोन ओढींनंतर घोट ऐकू आला पाहिजे. नुसती चुळबुळ सुरू झाली की स्तन पूर्ण हाताने दाबून धरा, धार वाढते, बाळ पुन्हा गिळतं. थांबलं की सोडा, जागा बदलून पुन्हा दाबा. उलट धार जास्त होऊन ठसका लागत असेल तर पहिली धार फडक्यात जाऊ द्या आणि तुम्ही मागे रेलून बसा, म्हणजे बाळ वर आणि स्तन खाली येतो. दर पाच मिनिटांनी सरळ धरून ढेकर काढा.

अंगावर वीस मिनिटं, फार तर तीस. त्यापुढे बाळ जेवढं मिळवतं त्याहून जास्त खर्च करतं. मग दहा मिनिटं वाटीने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने), आणि त्याच वेळी आई दूध काढायला बसते. हे वाटून घ्यायचं काम आहे. बोंडलं आजीकडे किंवा बाळाच्या बाबांकडे द्या. तिन्ही कामं एकटीने केली तर अडीच तासांतला दीड तास जातो आणि चौथ्या दिवशी आई आजारी पडते.

बोंडलं, वाटी, नळी

आपल्या आजीच्या ट्रंकेत असतं तेच बोंडलं. रुग्णालयात त्याला पलाडाई म्हणतात. स्टीलचं, टोक गुळगुळीत असलेलं इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात शोधा. दर वेळी साबणाने धुऊन दहा मिनिटं उकळायचं.

बाळ पूर्ण जागं, पाठ अर्धवट उभी. टोक खालच्या ओठावर, कोपऱ्याकडे टेकवा आणि दूध ओठाला लागेल एवढंच कलवा. बाळ जीभ काढून घेतं, गिळतं. गिळलं की पुढचं. घशात ओतायचं नाही. झोपलेल्या बाळाच्या तोंडात दूध घालणं ही यातली सगळ्यात धोक्याची चूक आहे, कारण या बाळांमध्ये दूध श्वासनलिकेत गेलं तरी कधीकधी खोकला येत नाही.

किती द्यायचं? फक्त वाटीने पिणाऱ्या बाळाला पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला ६० मिली, मग रोज थोडं वाढवत सातव्या दिवसापर्यंत दर किलोला १५० मिली, असा चोवीस तासांचा हिशोब. अडीच किलोचं बाळ सातव्या दिवशी ३७५ मिली घेईल, दहा वेळांत वाटलं तर दर वेळी साधारण ३८ मिली. अंगावरही पीत असेल तर यातलं किती द्यायचं ते वजनावरून ठरतं. हृदयाच्या दोषात डॉक्टर एकूण दूध मोजून कमीही करतात, तिथे हा आकडा लावू नका.

बाळ धरतं पण दमतं, अशा वेळी स्तनाला चिकटवलेली बारीक नळी फार कामाची. पाच किंवा सहा फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं माप) जाडीची फीडिंग ट्यूब, एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरं बोंडशीपाशी. बाळ ओढतं तेव्हा दोन्हीकडून दूध येतं. वाटी वर उचलली की धार वाढते, खाली नेली की कमी होते. पहिल्यांदा नर्सकडून समोर लावून घ्या.

बाटली शक्यतो टाळा. तिची धार आपोआप येते, जीभ पुढे काढायची सवय लागते, आणि उन्हाळ्यात ती स्वच्छ ठेवणं कठीण. आईचं दूध खरोखर कमी पडत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दूधपेढीचं (इतर आयांनी दान केलेलं), ते नसेल तर डब्याचं दूध द्यावं लागतं. डबा उघडला म्हणजे अंगावरचं संपलं असं नाही. काढणं चालूच ठेवा.

पोट भरतंय का

रडण्यावरून कळणार नाही, झोपेवरून तर नाहीच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओल्या लंगोटी, लघवी फिक्कट. शी काळ्याची हिरवट आणि मग पिवळी.

खरा साक्षीदार वजनकाटा. पहिल्या आठवड्यात जन्माच्या वजनापैकी सात ते दहा टक्के घटू शकतं, दोन आठवड्यांत ते भरून यावं. पुढे दिवसाला वीस-तीस ग्रॅम. आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय. आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडून वजन लिहून घ्या. पाजण्याआधी आणि नंतर वजन करून किती दूध गेलं ते काढायचं असेल तर पाच ग्रॅमपर्यंत अचूक डिजिटल काटाच हवा.

डाऊन सिंड्रोमसाठी वेगळे वाढीचे तक्ते आहेत, कारण ही मुलं एकूण सावकाश वाढतात. पण पहिल्या महिन्यात वजन अडलं तर 'ही मुलं अशीच असतात' हे उत्तर मान्य करू नका. दूध कमी जातंय, की हृदय, की थायरॉइड, हे त्याच आठवड्यात पाहिलं पाहिजे.

केव्हा थांबायचं आणि कुठे जायचं

पाजताना कपाळावर घाम, श्वास मिनिटाला साठच्या वर, नाकपुड्या फुगणं, बरगड्या आत ओढल्या जाणं, ही हृदय दमल्याची खूण. त्या दिवशीच दाखवा. नवजात बाळाचे तळहात-तळपाय निळसर दिसणं बऱ्याचदा साधं असतं, ओठ आणि जीभ निळी होणं कधीच नाही. हिरवी उलटी, फुगलेलं पोट, उठवूनही न उठणारं बाळ, ताप किंवा थंड पडलेलं अंग असेल तर १०८ ला फोन.

पाजल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो, छाती घरघरते, वारंवार न्यूमोनिया होतो, तर दूध श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता. डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा. तोवर बाळ जास्त उभं धरून, थांबत थांबत पाजा.

हृदयाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तोपर्यंत वजन वाढवणं हेच काम. मधल्या पडद्याचा मोठा दोष असेल तर ती बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतात. डॉक्टर काढलेल्या दुधात उष्मांक वाढवणारी पूड घालायला सांगू शकतात. स्वतःहून काही मिसळू नका. खर्चाची चौकशी लवकर करा. डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष दोन्ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहेत, त्यातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. तिथली फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार तोंडाच्या स्नायूंसाठीही लागणार आहेत. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत होतात.

घरातले सल्ले

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला तरी सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही. अंगावरच्या दुधात पाणी पुरेसं असतं. उकाड्यात हे बाळ आणखी सुस्तावतं, म्हणून पाजण्याच्या वेळा वाढवा आणि कूलरचा झोत अंगावर सोडू नका. पाणी प्यायचं आहे ते आईने. बाळंतिणीचं पाणी तोडायची रीत अजून कुठेकुठे आहे, ती नागपूरच्या मे महिन्यात निव्वळ क्रूर आहे. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर खुशाल खा, फक्त दूध त्यांनी नाही, रिकामं केल्याने वाढतं. संत्री खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही.

मध चाटवू नका, वर्षाच्या आत त्याने बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बाळगुटी नको. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज ४०० युनिट, ते अंगावर पिणाऱ्या सगळ्याच बाळांना लागतात.

मालिशवाल्या बाईंना आधीच सांगा: मान ओढायची नाही, डोकं धरून उचलायचं नाही, पाय ताणून फाकवायचे नाहीत. या मुलांचे सांधे सैल असतात आणि मानेचे वरचे मणके घसरण्याचा धोका असतो. बाळाची छाती पिळणं कुणाच्याच बाळाला करू नये.

वाटी कमी करताना

बाळ आधाराशिवाय धरू लागलं, दोन आठवडे सलग वजन चांगलं वाढलं, की वाटी कमी करायची. एकदम सोडायची नाही. बाळ सर्वात जागं असतं ती वेळ निवडा, बहुधा सकाळची, आणि तेवढ्या वेळची वाटी बंद करा. चार दिवस थांबा, वजन घ्या. वाढ टिकली तर पुढची. अडली तर मागे या, पंधरा दिवसांनी पुन्हा. काढणंही त्याच मापाने कमी करा, रात्रीचं शेवटी.

सहा महिने पूर्ण झाले आणि धरून बसवल्यावर मान स्थिर राहिली की वरचं अन्न. जीभ घास बाहेर ढकलेल, ती नावड नव्हे. चपटा छोटा चमचा घ्या, जिभेच्या मध्यावर हलका दाबा, ओठ मिटेपर्यंत थांबा आणि मग सरळ बाहेर काढा, वरच्या ओठाला पुसून नको. पातळ पाण्यासारखं देऊ नका, मऊ कुस्करलेला वरणभात चमच्यावरून न ओघळेल इतपत घट्ट. दोन चमचे झाले तरी पहिल्या आठवड्याला पुरे, बाकी पोट अंगावरच्या दुधानेच भरायचं आहे, आणि ते दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवता येतं.